साथ ओसरली, येण्याजाण्याची घडी मात्र बदलली

इंदूरच्या सुदामा नगरातून राजवाड्याच्या बाजाराला कसं जायचं, हा प्रश्न २०२० च्या आधी घरात कुणी कुणाला विचारत नसे. ज्याचं त्याचं ठरलेलं होतं. निवृत्त मंडळी पास काढून सिटी बसने जात, बायका कोपऱ्यावर मॅजिक, म्हणजे माणशी भाडं घेणारी छोटी व्हॅन, मिळाली की तिच्यात बसत, कॉलेजची मुलं आपापल्या गाड्या काढत. रामबाग घ्या, लोकमान्य नगर घ्या की टिळक नगर, इंदुरातल्या प्रत्येक मराठी घराचं असं एक न लिहिलेलं वेळापत्रक होतं. मग कोविडची साथ आली आणि सगळं थांबलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा माणसं तीच, रस्ते तेच, पण वेळापत्रक मात्र निराळं.

याचं कारण विचारलं की बहुतेक जण सांगतात, "लोकांना गर्दीची भीती बसली, म्हणून बसची सवय सुटली." भीती बसली होती हे खरंच आहे. पण तेच खरं कारण असतं, तर सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री पाय ठेवायला जागा मिळत नाही असे दिवस इतक्या लवकर परतले नसते. राजवाड्याच्या बाजारात सणाच्या आधी खांद्याला खांदा लागतो. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला माणसं शेजारी-शेजारी बसून तीन तास घालवतात. गर्दी चालते, पण बस नको, असं का झालं असेल? मला वाटतं, भीतीने सुरुवात करून दिली आणि पुढचं काम दुसऱ्याच गोष्टींनी केलं. त्या गोष्टी काय होत्या, ते नीट पाहण्यासारखं आहे.

सवय म्हणजे न घेतलेला निर्णय

रोज कामाला जाताना आपण वाहनाची निवड करतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात निवड फार पूर्वी कधीतरी झालेली असते. त्यानंतर घड्याळात साडेनऊ वाजले की पाय आपोआप त्या स्टॉपकडे वळतात. वेळ, जागा, सोबतची माणसं, हातातली पिशवी अशा ठरावीक खुणा दिसल्या की ठरावीक कृती होते. मानसशास्त्राच्या भाषेत सवय ती हीच. रानातली पायवाट जशी चालून-चालून पडते आणि मग सगळे तिच्यावरूनच जातात, तसं हे आहे. वाट सर्वांत जवळची आहे का, हे कुणी मोजत नाही.

ही पायवाट किती दिवसांत पडते? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. रोजच्या जगण्यातली एखादी नवी कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. आता आपल्याकडची देशव्यापी टाळेबंदी आठवा. २५ मार्च २०२० ते ३१ मे २०२०, म्हणजे ६८ दिवस. आकडे जवळ आले हा योगायोग आहे, त्यातून सिद्ध काही होत नाही. पण अंदाज येतो. नवी सवय लागायला जेवढा काळ सर्वसाधारणपणे पुरतो, तेवढा काळ सगळा देश एकाच वेळी आपल्या जुन्या खुणांपासून तुटला होता. आणि इंदुरात तर संसर्ग जोरात असल्यामुळे १ जून उजाडला म्हणून सगळं लगेच मोकळं झालं नाही. बाजारात एक दिवस डाव्या बाजूची दुकानं, दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूची, असा लेफ्ट-राइटचा प्रकार पुढेही चालला.

सवय तुटली की माणूस काही काळ खरोखर विचार करतो. बास फरप्लांकेन या मानसशास्त्रज्ञाने हा मुद्दा अनेक वर्षं मांडला आहे. घर बदललं, नोकरी बदलली, मूल झालं, की जुन्या सवयी सैल होतात आणि तेवढ्या काळात नवं काही रुजवणं सोपं जातं. ब्रिटनमध्ये ८०० जणांवर केलेल्या त्यांच्या एका प्रयोगात असं दिसलं की घर बदलल्यानंतर ही संधी साधारण तीन महिने टिकते. त्यानंतर नव्या घरातल्या सवयीही घट्ट होऊन जातात.

लंडनचंच आणखी एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथल्या भुयारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी दोन दिवस संप केला. काही स्थानकं बंद होती, काही चालू. लोकांना नाइलाजाने दुसऱ्या वाटेने जावं लागलं. संप मिटला, सगळी स्थानकं उघडली, तरी सुमारे ५ टक्के प्रवासी जुन्या वाटेवर परतलेच नाहीत. वर्षानुवर्षं रोज ये-जा करणाऱ्यांपैकी वीसात एकाला दोन दिवसांत कळलं की आपली वाट चांगली नव्हती! दोन दिवसांच्या अडथळ्याने एवढं होत असेल, तर कित्येक महिन्यांच्या अडथळ्याने काय झालं असेल याची कल्पना करा.

भीती किती टिकते

भीतीचं मोजमाप करणं अवघड, पण तैपेईत एका संशोधकाने ते केलं आहे. २००३ मध्ये तैवानमध्ये सार्स या श्वसनरोगाची साथ आली, तेव्हा तैपेईची मेट्रो चालूच होती. रोज किती माणसं मेट्रोत बसली आणि त्या दिवशी किती नवे रुग्ण जाहीर झाले, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले. साथीच्या ऐन जोरात रोजचे प्रवासी जवळजवळ निम्म्यावर आले होते. पण ताज्या बातमीने बसलेला धक्का साधारण चार आठवड्यांत बराचसा ओसरत असे. नवे रुग्ण यायचे थांबले तशी माणसं परतली, कारण परतायला मेट्रो तिथे होती. गाड्या त्याच वेळेला सुटत होत्या, स्थानकं उघडी होती, घरातून निघून फलाटावर उभं राहिलं की पूर्वीसारखं सगळं जुळून येत होतं.

आपल्याकडे नेमकं इथेच वेगळं घडलं. आपली बस थांबली. टाळेबंदीत ती थांबवण्यावाचून इलाज नव्हता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण थांबलेली बस जेव्हा परत आली, तेव्हा ती पूर्वीसारखी आली नाही, आणि माणसाच्या मनातली भीती विरली तरी स्टॉपवरची अनिश्चितता उरली.

भीती अगदीच निराधार होती असंही नाही. विषाणू हवेतून पसरतो हे पुढे स्पष्ट झालं, त्यामुळे बंद जागेत, जवळ-जवळ, जास्त वेळ बसणं धोक्याचंच. पण धोक्यालाही माप असतं. चीनमधल्या वेगवान रेल्वेगाड्यांतल्या हजारो प्रवाशांचा माग काढला तेव्हा बाधित माणसाच्या आसपासच्या तीन रांगांत बसलेल्यांपैकी सरासरी ०.३२ टक्के लोकांना लागण झालेली दिसली. अगदी शेजारच्या आसनावर हेच प्रमाण ३.५ टक्के होतं. प्रवास जितका लांब, तितका धोका वाढत गेला. याचा साधा अर्थ असा की खिडक्या उघड्या असलेल्या सिटी बसमधले वीस मिनिटं आणि बंद वातानुकूलित डब्यातले आठ तास यांना एकाच तराजूत घालता येत नाही. आपल्याकडे मात्र तेव्हा बस म्हणजे धोका आणि घरची गाडी म्हणजे सुरक्षित, एवढंच सरसकट गणित डोक्यात बसलं. वाहतूक चालवणाऱ्यांनी हा फरक लोकांना समजावून सांगायला हवा होता असं मला आजही वाटतं.

थांब्यावरचं गणित

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. बसचं अर्थशास्त्र समजायला मोठी विद्या लागत नाही.

समजा एका मार्गावर दर १० मिनिटांनी बस आहे. वेळापत्रक न बघता तुम्ही स्टॉपवर गेलात तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागेल. नशीब चांगलं असेल तर लगेच मिळेल, वाईट असेल तर १० मिनिटं. आता निम्म्या बस कमी करा. दर २० मिनिटांनी एक. सरासरी वाट पाहणं १० मिनिटांवर गेलं. बस तीच, चालक तोच, तिकीटही तेच, तरी प्रवाशाच्या दृष्टीने प्रवास ५ मिनिटांनी लांबला. आणि मे महिन्यात दुपारी बारा वाजता इंदुरात रस्त्याच्या कडेला उभं राहायचं असेल तर ती ५ मिनिटं घड्याळातल्या ५ मिनिटांपेक्षा पुष्कळ मोठी असतात.

मग काही जण म्हणतात, "कोण उभं राहील!" ते बस सोडतात. प्रवासी कमी झाले की तिकिटाचं उत्पन्न घटतं. बसमध्ये पन्नास माणसं असोत की पंधरा, डिझेल आणि चालक-वाहकाचा पगार जवळजवळ तेवढाच. साथीच्या काळात निम्म्या आसनांवरच माणसं बसवा असे नियम होते, म्हणजे एका माणसामागचा खर्च दुप्पट. तोटा वाढला की आणखी फेऱ्या कमी करायच्या. फेऱ्या कमी झाल्या की आणखी प्रवासी गळतात. हर्बर्ट मोहरिंग या अर्थतज्ज्ञाने १९७२ मध्ये हे उलट बाजूने दाखवून दिलं होतं: प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाचं थांबणं कमी होतं, म्हणजे नवा प्रवासी जुन्या प्रवाशांचंही भलं करतो. साथीने हे चाक उलटं फिरवलं. गेलेला प्रत्येक प्रवासी मागे राहिलेल्यांचा प्रवास थोडा महाग, थोडा लांब करून गेला.

यात मागे राहिले ते कोण, हे विसरून चालणार नाही. ज्यांच्याकडे दुसरा पर्याय नव्हता ते. घरकाम करणाऱ्या बायका, दुकानांत काम करणारी मुलं, हॉस्पिटलांतल्या आया, ज्यांना गाडी चालवता येत नाही असे म्हातारे. फेऱ्या कमी झाल्याचा सगळा भार यांच्यावर पडला. मधली मोकळी जागा मग मॅजिक, व्हॅन आणि पुढे ई-रिक्षांनी भरून काढली. त्या लगेच मिळतात, हात केला की थांबतात, घराच्या तोंडाशी सोडतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. बस जिथे पोचली नाही तिथे त्या पोचल्या.

घरातली एक गाडी

पुष्कळांचा समज असा की साथीनंतर लोकांनी धडाधड दुचाक्या घेतल्या. देशाचे आकडे वेगळं सांगतात. २०१९-२० मध्ये भारतात सुमारे १ कोटी ७४ लाख नव्या दुचाक्या विकल्या गेल्या. २०२०-२१ मध्ये १ कोटी ५१ लाख. म्हणजे विक्री घटली! पगार कापले गेले होते, दुकानं बंद होती, नवी गाडी कुठून घेणार?

मग बसचे प्रवासी गेले कुठे? माझ्या पाहण्यातली पुष्कळ घरं सांगतात की ते घरातल्याच गाडीवर गेले. दारात उभी असलेली अ‍ॅक्टिव्हा पूर्वी एकट्या मुलाची होती. साथीत ती सगळ्या घराची झाली. आमच्या ओळखीच्या एका काकूंचं उदाहरण सांगते. त्या रामबागेत राहतात. मंगळवारी खजराण्याला गणपतीला, अधूनमधून जेल रोडला काहीबाही घ्यायला, मैत्रिणीकडे भिशीला, असं त्यांचं सगळं फिरणं बस आणि मॅजिकने एकटीने व्हायचं. पर्समध्ये सुटे पैसे वेगळ्या कप्प्यात, बरोबर पाण्याची छोटी बाटली, आणि कुठल्या वेळेला कुठली बस रिकामी असते हे तोंडपाठ. साथीनंतर बस सुरू झाली तेव्हा त्या पुन्हा निघाल्या, तर सून दारातच म्हणाली, "आई, तुम्ही बसने नका जाऊ. संध्याकाळी हे आले की सोडतील गाडीवर."

सून प्रेमाने बोलली, यात शंका नाही. पण त्या दिवसापासून काकूंचं जाणं मुलाच्या सवडीवर अवलंबून राहिलं. मंगळवारचा गणपती "जमेल तेव्हा" झाला. जेल रोडच्या वस्तू मोबाइलवरून यायला लागल्या. भिशी महिन्याआड व्हायला लागली. काकू मला म्हणाल्या, "अगं, आता मला जायचं असतं तेव्हा त्याला वेळ नसतो, आणि त्याला वेळ असतो तेव्हा मला स्वयंपाक असतो." वाहतुकीच्या कुठल्याही तक्त्यात ही गोष्ट दिसणार नाही. तिथे फक्त एवढंच नोंदवलं जाईल की एक प्रवासी बसमधून दुचाकीवर गेला. पण त्या एका ओळीमागे एका स्वतंत्र बाईचं येणं-जाणं परावलंबी झालेलं असतं. साथीने रोजच्या प्रवासात केलेल्या बदलांपैकी हा बदल मला सगळ्यांत जास्त टोचतो, कारण याची कुणी मोजदाद केली नाही आणि हा भरून काढायचा प्रयत्नही झाला नाही.

पैशाचा हिशोबही गाडीच्याच बाजूने लागतो. समजा गाडी एका लिटरला ४५ किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०५ रुपयांच्या आसपास आहे. ६ किलोमीटरला १४ रुपये. मागे एक जण बसला की माणशी ७. गाडीची किंमत, विमा, दुरुस्ती हे सगळं खरं तर त्यात धरायला हवं, पण ते पैसे आधीच गेलेले असतात, म्हणून निघताना कुणी ते धरत नाही. बसचं तिकीट मात्र दर वेळी खिशातून निघताना दिसतं. गाडीची सवय एकदा लागली की सुटत नाही त्याचं हे मोठं कारण.

जे प्रवास झालेच नाहीत

साथीत काही प्रवास दुसऱ्या वाहनावर गेले, तर काही कायमचे संपले. बँकेत जाणं हे त्यातलं पहिलं. मार्च २०२० मध्ये यूपीआयवरून देशभरात सुमारे १२५ कोटी व्यवहार झाले होते; ऑक्टोबर २०२० मध्ये हा आकडा २०० कोटींच्या वर गेला. वीजबिल, शाळेची फी, दूधवाल्याचा हिशोब यांसाठीचे छोटे हेलपाटे थांबले. डॉक्टरांनी फोनवर किंवा व्हिडिओवर रुग्ण तपासण्यासाठीचे केंद्र सरकारचे नियम २५ मार्च २०२० लाच जाहीर झाले. निवृत्तिवेतनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत रांग लावावी लागे. २०२० च्या नोव्हेंबरात पोस्टमन घरी येऊन तो घेऊन जाण्याची सोय झाली आणि २०२१ मध्ये मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही काम होऊ लागलं. गुडघे दुखणाऱ्या आपल्या आजी-आजोबांसाठी ही खरोखर चांगली गोष्ट झाली, आणि ती टिकली. बघा, इथेही भीती गेली तरी बदल राहिला, कारण सोय तयार झाली होती आणि ती वापरायला माणसं शिकली होती.

आपण जात नाही तेव्हा वस्तू येते, हेही ध्यानात ठेवावं लागतं. २०२० च्या एप्रिलमध्ये इंदुरात कर्फ्यू इतका कडक होता की किराणा आणायलाही बाहेर पडता येत नव्हतं. तेव्हा महापालिकेने रोज दारोदार फिरणाऱ्या कचरागाड्यांनाच कामाला लावलं. सकाळी गाडी गल्लीत आली की लोक सामानाची यादी गाडीवरच्या माणसाकडे द्यायचे, आणि पुढे सामान घरपोच यायचं. जी गाडी आधीपासून प्रत्येक दारापाशी जात होती, तिच्याच वाटेवर दुसरं काम चढवलं. दोनशे घरांतून दोनशे माणसं बाहेर पडण्याऐवजी एक फेरी. शहराच्या स्वच्छतेसाठी घातलेली घडी अडचणीच्या दिवसांत अशी उपयोगी पडली, याचा मला इंदूरकर म्हणून अभिमान आहे.

आज जो मुलगा दुचाकीवरून दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देतो, तिथे चित्र वेगळं आहे. आपली एक फेरी वाचते, पण त्याची एक फेरी वाढते. म्हणून घरून काम आणि घरपोच सामान इतकं वाढूनही भंवरकुआं किंवा पलासिया चौकातली गर्दी हटलेली दिसत नाही.

घरून काम हा बदलही सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. सुपर कॉरिडॉरवरच्या संगणक कंपन्यांत काम करणाऱ्यांना तो मिळाला. पुण्यात नोकरी करणारी आपली कितीतरी मुलं महिनोन् महिने इंदूरच्या घरी येऊन बसली, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या खेपा थांबल्या. ज्याचं काम हाताने होतं त्याला ही मुभा नव्हती. आग्रा-मुंबई रस्ता आपल्या शहराजवळून जातो. मे २०२० मध्ये महाराष्ट्रातून उत्तरेकडे निघालेले मजूर सेंधव्याजवळच्या बिजासन घाटातल्या सीमेवर हजारोंनी अडकले होते, आणि इंदूरच्या बायपासवरून डोक्यावर बोचकी घेतलेल्या कुटुंबांची रांग सरकत होती. बायपासलगतच्या लोकांनी त्यांना जेवण दिलं, पाणी दिलं, चपला दिल्या. रोजच्या प्रवासाच्या सवयींविषयी बोलताना ही माणसं वगळता येत नाहीत. त्यांचा प्रवास बदलला नव्हता, त्यांचं वाहन काढून घेतलं गेलं होतं.

लांबच्या प्रवासातही असाच एक काढून घेतलेला धागा आहे. ६० वर्षांवरच्या पुरुषांना रेल्वे भाड्यात ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत मिळत असे. ज्येष्ठांनी साथीत प्रवास टाळावा म्हणून २० मार्च २०२० पासून ती बंद केली. कारण त्या वेळी रास्त होतं. १२ मे पासून मोजक्या विशेष गाड्या धावू लागल्या, हळूहळू सगळ्या गाड्या परत आल्या, पण सवलत मात्र वर्षानुवर्षं परत आली नाही. मुलाकडे पुण्या-मुंबईला वर्षातून दोनदा जाणारं जोडपं एकदाच जायला लागलं तर "वय झालं, आता प्रवास नको वाटतो" असं आपण म्हणतो. भाडं जवळपास दुप्पट झालंय, हे ते स्वतःहून सांगत नाहीत.

वाट वळवण्याची दुसरी रीत

इंदूरने साथीत माणसांची वाट वळवण्याचा एक फार जुना आणि सुंदर प्रयोग पाहिलेला आहे. प्लेगच्या दिवसांत होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं होतं. त्याचा इंदूरवरचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अहवाल लिहून तो थांबला नाही. दिवाळीला मोठी मिरवणूक काढायची ठरली, तिच्यात प्लेगचा प्रचंड उंदीर आणि घाणीचा राक्षस होता. आणि मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने न नेता, ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ झालेल्या असतील त्यांतून जाईल, असं त्याने आधीच जाहीर केलं. मग काय, मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून मोहल्ले कामाला लागले! फौजफाट्याने घरं तपासण्यापेक्षा या एका घोषणेने जास्त काम झालं. त्याने लोकांना घाबरवलं नाही. वाटेचं बक्षीस समोर ठेवलं, आणि वागणं बदललं.

२०२० नंतर आपल्याकडे बसच्या बाबतीत असं काही करण्याची वेळ होती. परतणाऱ्या प्रवाशांना पहिले तीन महिने स्वस्त पास, ठरावीक मार्गांवर दर ८-१० मिनिटांनी हमखास फेरी, खिडक्या उघड्या ठेवण्याची सक्ती, स्टॉपवर पुढची बस किती वाजता येणार याची पाटी. यातली एकही गोष्ट अवघड नाही. बोगोटा आणि पॅरिससारख्या शहरांनी तेव्हाच रातोरात रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी तात्पुरत्या पट्ट्या आखल्या, आणि पॅरिसने त्यातल्या पुष्कळ पुढे पक्क्या केल्या. आपल्याकडेही टाळेबंदीनंतर सायकलींना अचानक मागणी आली होती, सकाळी पिपल्यापाला बागेकडे सायकली घेऊन जाणारी मंडळी वाढली होती. पण रस्त्यावर सायकलीला स्वतःची जागा मिळाली नाही, आणि त्यातल्या कितीतरी सायकली आता जिन्याखाली उभ्या आहेत.

सवयी सैल होण्याची वेळ इंदुरात पुन्हा आली आहे, या खेपेला साथीशिवाय. २०१३ पासून निरंजनपूर ते राजीव गांधी चौक धावणाऱ्या आयबसचा, म्हणजे शहराच्या जलद बससेवेचा, वेगळा मार्ग २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर काढायला सुरुवात झाली. त्याच वर्षी ३१ मे रोजी मेट्रोचा पहिला तुकडा सुरू झाला, गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर-३, पाच स्थानकांचा, सुमारे ६ किलोमीटरचा. एका बाजूने बसची स्वतःची वाट गेली, दुसऱ्या बाजूने नवी गाडी आली, आणि एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) रोज जाणारा माणूस पुन्हा एकदा विचार करू लागला की जायचं कसं. फरप्लांकेनचे तीन महिने इथेही लागू होतात. मेट्रोचा पुढचा प्रत्येक टप्पा उघडेल तेव्हा स्थानकापासून सुदामा नगर, रामबाग, टिळक नगरकडे जाणारी छोटी बस पहिल्या दिवसापासून हवी, सहा महिन्यांनी नको. सहा महिन्यांत घरोघरी ठरलेलं असेल की कुणाला कोण सोडणार.